नाक वर, पण किती? वाडीच्या पाटेवाल्यांकडून जुन्या विलीज जीपला गॅसर स्टान्स

जुन्या जीपला ड्रॅग रेसच्या (सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीच्या) नाक वर केलेल्या ‘गॅसर’ गाडीसारखं उभं करायचं असेल, तर नागपुरात पहिलं दार चकचकीत मॉडिफिकेशन गॅरेजचं ठोठावू नका. अमरावती रोडला वाडीच्या ट्रक पट्ट्यात जा. तिथली कमानी-पाट्यांची दुकानं दिवसभर ट्रकचे पाटे (लीफ स्प्रिंग) उतरवतात, वाकवतात, बसवतात. स्टान्स, म्हणजे गाडीची उभी राहण्याची ठेवण, शेवटी येते ती पाट्याची गोलाई, ॲक्सलची बैठक (पाटा ॲक्सलला टेकतो ती जागा) आणि गाडीवर बसलेलं वजन यांतून. यातलं पहिलं काम या लोकांइतकं हातात बसलेलं दुसऱ्या कोणाकडे नाही. दुसरं काम त्यांच्याकडून करून घेऊ नये. तिसरं तुम्हालाच करावं लागतं. गुण द्यायचे तर पाट्याच्या कामाला पाचपैकी साडेचार, बैठकी वेल्ड करण्याला दोन, आणि मापं लिहून देण्याला एक. मापाचा कागद तुम्ही स्वतः घेऊन गेलात तर मात्र हा शेवटचा गुण महत्त्वाचा राहत नाही.

गॅसर म्हणजे नुसती नाक वर केलेली गाडी नव्हे. १९५० च्या दशकाचा शेवट आणि १९६० चं दशक हा या गाड्यांचा बहराचा काळ. अमेरिकेच्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या ‘गॅस’ वर्गात पंपावरच्या पेट्रोलवर धावायचं, आणि अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, म्हणून हे नाव. स्टोन-वुड्स-कुक आणि बिग जॉन मझमानियन यांच्या १९४१ च्या विलीज कूपे, ‘ओहायो जॉर्ज’ माँटगोमेरीची १९३३ ची विलीज, या त्या वर्गाच्या गाजलेल्या गाड्या. विलीजच का? गाडी हलकी आणि आखूड. १९३३ च्या मॉडेलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १०० इंच, १९४१ चा १०४. आपली सीजे-३बी, म्हणजे महिंद्राने भारतात बनवलेली विलीज जीप, अमेरिकेतल्या टोलेडोच्या त्याच कारखान्याच्या घराण्यातली. व्हीलबेस ८० इंच, लॅडर चेसिस, आणि पुढे-मागे सरळ ॲक्सल व पाटे मुळातच आहेत. अमेरिकेत कूपेवाल्यांना पुढे सरळ ॲक्सल टाकायला बराच खटाटोप करावा लागे. इथे तो अर्धा झालेलाच आहे. म्हणून या कामाला ॲम्बेसिडरपेक्षा जीप बरी. ॲम्बेसिडरला पुढे टॉर्शन बार आहेत आणि वेगळी चेसिस नाही, त्यामुळे पाटे लावायला आधी सबफ्रेम बनवावी लागते.

नाक वर करण्यामागे हिशोब होता. त्या वेळचे टायर कमी पकडायचे, म्हणून सुटताना मागच्या चाकांवर जास्त वजन यावं ही धडपड होती. मागे जाणारं वजन म्हणजे गाडीचं वजन गुणिले प्रवेग गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. १००० किलोची जीप अर्ध्या ‘जी’ने (गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्याने) सुटली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर असला, तर साधारण १४८ किलो मागे सरकतात. गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर वर नेला तर १७२. फायदा जेमतेम २५ किलोंचा, आणि त्याच्या बदल्यात वळणावर कलणारी, ब्रेकला नाक खुपसणारी गाडी मिळते. म्हणूनच त्या काळी नियमाने मर्यादा घातली होती: क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांपेक्षा वर नको. आजही हेच माप धरा. पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टच्या मध्यापासून जमिनीपर्यंत टेप लावा. पाटे, टायर, इंजिन माउंट काहीही बदललं तरी हा आकडा २४ च्या आत राहिला पाहिजे.

डोळ्याला बरोबर दिसणारा कल यापेक्षाही कमी असतो. ८० इंच व्हीलबेसवर चेसिसची रेघ पुढच्या ॲक्सलपाशी मागच्यापेक्षा २ ते ३ इंच वर, म्हणजे दीड ते दोन अंश, एवढं भरपूर झालं. सीजे-३बीचं बॉनेट हरिकेन इंजिनाच्या उंचीसाठी आधीच वर नेलेलं आहे, त्यामुळे ३ इंचांचा कलसुद्धा चांगला ठसठशीत दिसतो. ५ इंच नेले की गाडी घाटात अडकल्यासारखी वाटते, आणि एवढ्या आखूड व्हीलबेसवर पुढची चाकं नको तितकी सहज जमिनीवरून उचलली जातात. कल मोजताना बंपर किंवा मडगार्डवरून मोजू नका. साठ-सत्तर वर्षं जुन्या पत्र्यावर डाव्या-उजव्यात पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. चेसिसच्या वरच्या कडेवरून, दोन्ही ॲक्सलच्या मध्यरेषेवर, चारही जागी मोजा. जमीन समतल आहे की नाही हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. गॅरेजच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, आणि तो उतार तुमच्या स्टान्समध्ये मिसळतो.

कायद्याचं इथेच सांगून टाकलेलं बरं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. २०२१ मध्ये पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी आली, पण तिलाही गाडी मूळ रूपातच लागते. म्हणजे गॅसर केलेली जीप रस्त्याची नाही. ती ट्रेलरवर न्यायची, खाजगी मैदानावर चालवायची किंवा प्रदर्शनात उभी करायची. एमएच-३१ ची चालू कागदपत्रं आणि शाबूत मूळ पाटे असलेली सीजे-३बी या कामाला कापू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कागद गेलेली, बॉडी सडलेली पण चेसिस सरळ असलेली जीप घ्या. आणि ती घेतली तरी मूळ पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी), हँगर (पाटा अडकवायचा चेसिसवरचा कंस) पोत्यात बांधून ठेवा.

आता दुकानाबद्दल. गाडी लावली की मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो, “लोड किती टाकता?” प्रश्न अगदी योग्य आहे, कारण त्याचा धंदा ओझ्याचा आहे. गाडी वर घ्यायची म्हटलं की त्याच्या हाताला लागलेली सवय म्हणजे एक पाटा जास्त टाकणं. इथेच थांबवा. “भाऊ, लोड काहीच नाही. पाटे तेवढेच ठेवा, गोलाई वाढवा,” असं सांगा आणि कागदावर लिहून द्या. उंची गोलाईतून येते, कडकपणा जाडी आणि संख्येतून. सारख्या जाडीच्या आठ पाट्यांत नववा टाकला की पूर्ण संच साडेबारा टक्के कडक होतो. जाडी बदलली तर हिशोब आणखी चढा आहे, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ चा पाटा घातला तर तो एकटा जवळजवळ २.४ पट कडक. अशी गाडी फोटोत छान दिसते, पण सुटताना नाक उचलत नाही, पुढची चाकं टणाटणा उडतात, आणि मैदानावरची प्रत्येक गिट्टी स्टिअरिंगमध्ये येते. गॅसरला पुढे मऊ, लांब हालचालीचा पाटा लागतो.

गोलाई पाटा न तापवता, थंड असतानाच वाढवायची. इथली चांगली दुकानं पाटा ऐरणीवर किंवा प्रेसवर घेऊन इंच-दीड इंचाच्या अंतराने, टोकापासून मधल्या भोकाकडे ठोके देत जातात, मध्येमध्ये गोलाई खडूने जमिनीवर काढलेल्या रेघेशी पडताळतात. हे बघण्यासारखं काम आहे. दोन्ही बाजूंचे पाटे एकाच रेघेवर जुळवणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका. काही ठिकाणी घाईत गॅस कटरची ज्योत लावून वाकवतात. तसं होत असेल तर पाटे उचला आणि निघा. पाट्याचं पोलाद, आपल्याकडे बहुतेक ६५एसआय७ किंवा एसयूपी९, आधी लाल तापवून तेलात थंड करून मग ठराविक उष्णतेवर परत तापवून तयार केलेलं असतं. ज्योतीने लाल केलेल्या जागी ते मऊ पडतं. पाटा आधी त्या जागी बसतो, मग तिथेच तुटतो. तुटलेल्या पाट्याचा निळसर-जांभळा पट्टा बघितला की कारण विचारावं लागत नाही.

जुन्या पाट्यावर अशी थंड गोलाई दीड इंचापर्यंतच मागावी. त्यापुढे नवा मेन पाटा (दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे वळवलेली कडी असलेला सर्वांत लांब पाटा) बनवून घेणं शहाणपणाचं, आणि तो बनवताना लांबीचं भान ठेवावं लागतं. गोलाई वाढली की दोन डोळ्यांमधलं सरळ अंतर कमी होतं. मग शॅकल आतल्या बाजूला, पाट्याच्या पक्क्या टोकाकडे ओढली जाते. वजन पडल्यावर शॅकल बाहेरच्या बाजूला झुकलेली हवी. ती उभी किंवा आत झुकलेली राहिली, तर पाटा दबताना लांब व्हायला जागाच उरत नाही आणि गाडी दगडासारखी आपटते. म्हणून नवा मेन पाटा वाकवण्याआधी थोडा लांब कापायचा, आणि डोळ्यांमधलं अंतर पाटा भाराखाली असताना मोजायचं. सीजे-३बीचे पाटे पावणेदोन इंच रुंद आहेत. नंतरच्या मॉडेलचे पाटे त्या हँगरमध्ये बसतीलच असं नाही, तेव्हा जुना पाटा नमुन्याला सोबत न्या.

बांधून झालेला संच प्रेसवर चार-पाच वेळा पूर्ण सपाट दाबून घ्यायला सांगा. नवा पाटा सुरुवातीला बसतो, अर्धा इंचसुद्धा. प्रेसवर दाबून घेतला की त्यातलं बरंचसं बसणं दुकानातच उरकतं. हे काम बहुतेक दुकानं मागितल्याशिवाय करत नाहीत, मागितलं तर कुरकुर न करता करतात. साडेचार गुण त्यासाठीच. अर्धा कापला तो पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टपायी: जुने यू-बोल्ट वायर ब्रश मारून परत लावायची सवय आहे. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. नवे घ्या, सेंटर बोल्टही नवा.

लांब शॅकलचा सोपा मार्ग जवळपास प्रत्येकजण सुचवतो. पैसे कमी, काम तासाभराचं. पण सीजेच्या पुढच्या पाट्याची शॅकल समोरच्या टोकाला आहे, हे लक्षात घ्या. २ इंच लांब शॅकल लावली तर नाक फक्त १ इंच उचलतं. त्याच वेळी सव्वाछत्तीस इंची पाट्याचं पुढचं टोक २ इंच खाली गेल्याने ॲक्सल सुमारे ३.२ अंश पुढे झुकतो. नाक इंचभर वर गेल्याचे ०.७ अंश परत मिळतात. निव्वळ तोटा अडीच अंशांचा. कंपनीचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) मुळातच ३ अंश, म्हणजे हातात अर्धा अंश राहिला. अशी जीप सरळ चालत नाही, स्टिअरिंग वळणातून परत येत नाही, आणि वेग पकडला की पुढची चाकं थरथरायला लागतात. गॅसरला उलट जास्त कॅस्टर लागतो. ६ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवा. स्टिअरिंग जड होतं, पण सुटताना नाक हलकं झालं तरी गाडी रेषा सोडत नाही. किंग पिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट ढिले असतील तर मात्र जास्त कॅस्टर थरथर वाढवतो. आधी ते बदला, मग अंश वाढवा.

कॅस्टरची थोडी चूक सुधारायला ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये घालायची पोलादी पाचर मिळते. बसवताना दिशा हमखास चुकते. पाटा ॲक्सलच्या खाली असेल, जसा सीजेला मूळचा असतो, तर पाचरीची जाड बाजू समोर. पाटा ॲक्सलच्या वर घेतला असेल तर जाड बाजू मागे. ॲल्युमिनियमची पाचर घेऊ नका, दाबाखाली चेपते आणि यू-बोल्ट ढिला पडतो.

गॅसरची खरी ठेवण पाटा ॲक्सलच्या वर घेतल्यावरच येते. त्याने पुढून साधारण ५ इंच उंची मिळते, मग पाट्याला फारशी गोलाई लागतच नाही. उलट सपाट, मऊ पाटा लावून नाक हवं तेवढं खाली आणता येतं. फोर-व्हील ड्राइव्हचा पुढचा ॲक्सल काढून टू-व्हील ड्राइव्ह जीपचा डेड ॲक्सल (चाकांना ताकद न देणारा) टाकला तर वजनही उतरतं, दिसायलाही तेच बरोबर. पण त्यासाठी ॲक्सलवर नव्या बैठकी वेल्ड कराव्या लागतात आणि इथेच वाडीच्या दुकानांना दोन गुण. वेल्डिंग मजबूत असतं, पण कोन डोळ्याच्या अंदाजाने. दोन बैठकींत एका अंशाचा फरक पडला की पाटा पिळलेल्या अवस्थेत बसतो. हे काम हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, जिथे सपाट बेड आणि डिजिटल अँगल मीटर आहे. चेसिस समतल धरून बैठक लावणार असाल तर कलाचा हिशोब वजा करा: ७ अंश कॅस्टर हवा आणि गाडी ३ इंच कलणार असेल, तर त्यातले २ अंश कलातून येतील, बैठकीला ५ च द्या. याहून बरं म्हणजे बैठकी नुसत्या टाचून घ्यायच्या, गाडी चाकांवर पूर्ण वजनानिशी उभी करायची, कोन जमिनीच्या संदर्भाने मोजायचा आणि मग पक्कं वेल्डिंग. त्या वेळी पाटे काढून ठेवा. वेल्डिंगचा शिंतोडा पाट्यावर पडला की तिथून चीर सुरू होते.

पूर्ण वजन म्हणजे खरोखर पूर्ण. टाकीत पेट्रोल, रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरी, बॉनेट, सीट, आणि चालकाच्या जागी भरलेलं पोतं. रिकाम्या चेसिसवर ठरवलेला स्टान्स इंजिन बसल्यावर कधीच राहत नाही, आणि ‘नंतर पाटा घालू’ म्हणून पुन्हा तीच दुरुस्ती सुरू होते. टायरही अंतिमच हवेत. पुढे ६.००-१६ चे अरुंद जीप टायर शोभतात आणि बरोबरही आहेत. मागे ३१×१०.५ आर१५ घालायचा मोह होतो. त्याचा व्यास दोन-अडीच इंचांनी जास्त, म्हणजे मागची बाजू इंच-सव्वा इंच वर, आणि पुढे मेहनतीने मिळवलेला कल अर्धा गेला. तेवढी गोलाई मागच्या पाट्यातून आधीच कमी करून घ्या. पुढे जुन्या धाटणीचे बायस आणि मागे रेडियल चालतात. उलटं कधीच नाही.

मागच्या बाजूला उंचीपेक्षा पिनियनचा (मागच्या ॲक्सलमध्ये प्रॉपेलर शाफ्टची ताकद घेणाऱ्या दातेरी चाकाचा) कोन महत्त्वाचा. सुटताना पाटा ‘एस’सारखा मुरडतो आणि पिनियनचं तोंड वर उचलतं. म्हणून उभ्या गाडीत ते प्रॉपेलर शाफ्टच्या मानाने २ ते ४ अंश खाली ठेवा. जुन्या गॅसरला दिसतात तसे लॅडर बार (ॲक्सल मुरडू नये म्हणून तो चेसिसला जोडणारे दांडे) लावायचे असतील तर सीमलेस पाइपचेच, आणि पुढचा सांधा छोट्या शॅकलवर. बार आणि पाटा वेगवेगळ्या वर्तुळात फिरतात. दोन्ही टोकं पक्की केली तर एकमेकांना अडवतात आणि कंस उखडतो.

शॉकअप आणि ब्रेकचा होज शेवटी बघा, पण बघा. गाडी जॅकवर घेऊन ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्या. होज ताणला जात असेल तर लांब लावा. पुढच्या शॉकअपचा दांडा बसलेल्या उंचीवर निम्म्याहून जास्त बाहेर नको, नाक उचलायला जागा हवी. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) जितकी आडवी तितकं बरं. ती तिरकी राहिली तर पाटा दबला की स्टिअरिंग आपोआप फिरतं.

कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्यांच्या यादीत ही गाडी तुमच्या नव्या मापांसह सापडणार नाही. त्यांना ‘ओके’चा हिरवा रंग दाखवू नका म्हणावं, नुसते आकडे वाचून दाखवा. कॅस्टर मोजायला चाकाखाली फिरती प्लेट लागते, ती आहे का ते आधी विचारा. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असण्याचं माप) २ ते ३ मिलिमीटर. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक निघाला तर बैठकीवर परत जा.

बिल कसं बनतं तेही माहीत हवं. नवं पोलाद किलोच्या भावाने, बुश-बोल्ट नगाने, गोलाईची मजुरी पाट्यामागे. पोलादाचा भाव हलता असतो, म्हणून आधी वजन करून भाव ठरवा, आणि जुने पाटे ‘भंगारात वजा’ करू देऊ नका. वेळ मात्र ट्रकच्या गर्दीवर ठरतो. ट्रक उभा राहिला की त्याचा धंदा थांबतो, म्हणून तो आधी घेतला जाणार, हे रास्तच आहे. मे महिन्यात दुपारी भट्टी आणि ऊन दोन्ही असताना बारीक जुळवणीचं काम मागू नका. सकाळी लवकर गाडी लावा.

गाडी घरी आली की दोन रात्री पूर्ण वजनाने उभी ठेवा, मग चारही मापं पुन्हा घ्या. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट याच उंचीवर, चाकं जमिनीवर असतानाच आवळा. जॅकवर आवळलेले बुश कायम पिळलेले राहतात आणि गाडी अर्धा इंच वर धरून ठेवतात. बुश फाटले की ती उंची निघून जाते. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळा. तोपर्यंत कोणतीही बाजू पाव इंचाहून जास्त बसली असेल, तर तोच मापाचा कागद घेऊन पाटा परत दुकानात न्या. कागदावर आधीचं माप लिहिलेलं असलं की मिस्त्री हुज्जत न घालता पुन्हा ऐरणीवर घेतो.